सत्तरपैकी सत्तर

माणसाला मार्क द्यायला फार आवडतं. देवानं जग निर्माण केलं ते बहुधा बिनमार्कांचंच असावं. पण माणूस आला आणि त्यानं पहिल्या दिवसापासून पेपर तपासायला घेतले. आंबा हातात आला की आधी देठाशी नाक नेऊन तो त्याची इयत्ता ठरवतो, मग खातो. लग्नाच्या जाहिरातीत गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी असा उतरता क्रम लावतो, आणि क्रम लावणारे चिरंजीव स्वतः कोणत्या रंगाचे ते विचारायचं नसतं. तेव्हा नाणी तरी या तपासणीतून कशी सुटणार?

हे ज्ञान मला आमच्या भाच्याकडून झालं. हा न्यू जर्सीत असतो आणि अमेरिकन नाणी जमवतो. त्यानं सांगितलं की तांब्याच्या नाण्यांची तिकडं रंगावरून प्रतवारी होते : रेड, रेड-ब्राऊन आणि ब्राऊन. टांकसाळीतून बाहेर पडतानाची लाली जितकी टिकलेली, तितका भाव चढा. ऐकून आमची ही एवढंच म्हणाली, "म्हणजे तिकडंही गव्हाळ मुलीचं अडतंच म्हणायचं."

या मार्कांच्या मुळाशी विल्यम शेल्डन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ आहेत. माणसांच्या शरीराची गोलमटोल, पिळदार आणि काटकुळं अशी तीन अंगं मानून प्रत्येक अंगाला एक ते सात गुण द्यायची पद्धत त्यांनी काढली होती. तेवढ्यानं हौस फिटली नाही म्हणून १९४९ साली त्यांनी अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी केली. माणसाला सातांत बसवलं आणि नाण्याला सत्तर दिले, यावरून त्यांचा जीव कशात जास्त होता ते कळतं. हिशेब साधा होता. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला एक. त्याची जी किंमत, तिच्या सत्तरपट किंमत सर्वोत्तमाची. बाजारानं हा हिशेब लवकरच गुंडाळून ठेवला, पण सत्तरचा आकडा राहिला आणि पुढे साऱ्याच नाण्यांना लागू झाला. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी अशा दोन कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासतात, आकडा देतात आणि नाण्याला प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं सीलबंद करतात. आपण मुरांबा मुरवायला ठेवतो, हे मुरू नये म्हणून ठेवतात.

आता नुसते मार्क दिले की परीक्षकाचं समाधान होतं, असं ज्याला वाटतं त्यानं आपली शाळा आठवावी. मार्कांच्या पुढं शेरा लागतोच. अमेरिकन पाच सेंटच्या नाण्यावर जेफरसनसाहेबांचं घर आहे. त्याच्या पायऱ्या पाच-सहा स्वच्छ मोजता आल्या तर शेरा 'फुल स्टेप्स'. १९१६ ते १९४५ या काळातल्या दहा सेंटच्या नाण्यावर मागल्या बाजूला काठ्यांची एक मोळी आहे. ती बांधणाऱ्या पट्ट्या एकमेकींपासून सुट्या दिसल्या तर 'फुल बँड्स'. फ्रँकलिनच्या अर्ध्या डॉलरवर फिलाडेल्फियाची ती प्रसिद्ध घंटा आहे. तिच्या खालच्या कडेच्या रेघा अखंड हव्यात, मग 'फुल बेल लाइन्स'. खुद्द घंटेला तडा गेलेला आहे आणि तो नाण्यावर इमानेइतबारे दाखवलाही आहे, त्याला कोणाची हरकत नाही. तडा चालतो, रेघ तुटलेली चालत नाही.

आणि या रेघांपायी काय होतं पाहा. १९४५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीनं दहा सेंटची १५ कोटी ९१ लाख ३० हजार नाणी पाडली. यातलं नवंकोरं नाणं आजही एखाद्या बेताच्या जेवणाच्या पैशात मिळतं. पण त्या वर्षी मोळीच्या पट्ट्या नीट उमटल्याच नाहीत. कोट्यवधींत एखादंच नाणं असं की ज्याच्या मधल्या पट्टीची फट पूर्ण आहे, आणि ते हजारो डॉलरना जातं. १९५३ साली सॅनफ्रान्सिस्कोत पाडलेल्या ४१ लाख ४८ हजार अर्ध्या डॉलरांची तीच कथा. घंटा उदंड, रेघा नाहीत.

मी भाच्याला म्हटलं, "अरे, पंधरा कोटींच्या वस्तूला दुर्मिळ म्हणायला लाज वाटत नाही का तुम्हाला?"

"नाणं दुर्मिळ नाही मामा, अवस्था दुर्मिळ आहे."

हे वाक्य त्यानं ज्या गांभीर्यानं म्हटलं, त्या गांभीर्यानं आमच्याकडं फक्त वेदान्तावर बोलतात. मी विचार करू लागलो. एक दुर्मिळता अशी, की वस्तूच मुळात थोड्या होत्या, किंवा थोड्या उरल्या. ती समजते. दुसरी अशी, की वस्तू ढीगभर आहेत पण आपण अट घातली. अट घालण्यात तर काहीच कठीण नाही! सदाशिव पेठेत जावई पुष्कळ आहेत. पण डावखुरा, दुधाची साय न आवडणारा, शिवाय सासऱ्याशी बुद्धिबळात मुद्दाम हरणारा असा जावई शोधा, एखादाच निघेल. हवी तेवढी भिंगं लावली तर जगात दुर्मिळ नाही असं काही उरतच नाही, आणि मग त्या शब्दाला भाव कसला?

बरं, ही मोजदाद तरी खरी म्हणावी तर तिथंही गंमत आहे. कोणत्या श्रेणीची किती नाणी आपल्याकडून गेली याची खानेसुमारी कंपन्या प्रसिद्ध करतात. पण एखाद्याला पासष्ट मिळाले आणि त्याला सहासष्टची आशा असली, की तो डबी फोडतो आणि तेच नाणं पुन्हा परीक्षेला बसवतो. जुनी चिठ्ठी परत पाठवली नाही तर एकच नाणं दोनदा मोजलं जातं. एकच माणूस दर बिऱ्हाडाला वेगळा धरावा, तशी ही जनगणना.

आणि सर्वांत मोठी गोम म्हणजे साठच्या वर मार्क मिळायला नाणं व्यवहारात आलेलंच नसावं लागतं. म्हणजे सत्तरपैकी सत्तर घेणाऱ्या नाण्यानं जन्मात कोणाला एक कप कॉफी पाजलेली नसते. ज्यानं गिरणीकामगाराचा खिसा पाहिला, पोराच्या मुठीत घाम खाल्ला, दुकानदाराच्या गल्ल्यात आपटी खाल्ली, ते नापास. जे जन्मल्यापासून हललं नाही ते पहिलं. आमच्या ऑफिसातही बढत्यांचा नियम हाच होता, त्यामुळं मला नवल वाटलं नाही. पण रागही गेला नाही. सगळा प्रकार म्हणजे शुद्ध थोतांड, असा निकाल मी देऊन टाकणार होतो.

तो शेल्डनसाहेबांनीच देऊ दिला नाही. हे गृहस्थ १९७७ साली वारले. त्यानंतर उघडकीस आलं, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट त्यांनी हातोहात लांबवले होते आणि त्यांच्या जागी त्याच जातीचे, पण उतरत्या प्रतीचे सेंट ठेवले होते. सोसायटीनं ती नाणी परत मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढली.

आता सांगा, त्यांनी चोरलं काय? कपाटातल्या नाण्यांची संख्या तेवढीच. जात तीच. एक सेंट गेला, एक सेंट आला. चोरीला गेला तो फक्त दोहोंमधला फरक. अवस्था म्हणजे थोतांड असेल तर शेल्डननी काहीच चोरलं नाही. आणि चोरलं असेल, तर ती पासष्ट-सहासष्टची भानगड खरी आहे आणि भाचा बरोबर आहे. मी दोन दिवस पळवाट शोधली. सापडली नाही. माणूस चोर होता, हे मला मनापासून पटतं.

मग ते चोरीला गेलेलं नेमकं काय होतं? मला वाटतं, सांभाळ. १७९४ सालचा तांब्याचा सेंट अजून चकचकीत आहे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी तो खर्चायचा मोह आवरला, पोरांच्या हाती दिला नाही, ओल लागू दिली नाही. त्या न केलेल्या गोष्टींचा तो साठा. त्याला मान द्यायला माझी ना नाही. मोळीच्या पट्टीची फट मात्र कोणाच्या सांभाळानं आलेली नाही. त्या दिवशी यंत्राचा दाब बरा बसला, एवढंच. तिच्यासाठी हजारो डॉलर मोजणाऱ्यानं खुशाल मोजावेत, पण तिला दुर्मिळ म्हणताना मी थोडा खोकणार.

आमच्या देव्हाऱ्यात १९०१ सालचा राणीछाप रुपया आहे. तोळाभर चांदी. आजीनं, मग आईनं, आता हिनं, दर लक्ष्मीपूजनाला तो रांगोळीनं घासून लख्ख केला आहे. भाच्याला फोनवर दाखवला तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. घासलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही म्हणे. नुसता शेरा मिळतो, 'क्लीन्ड'. म्हणजे पेपर तपासला, मार्क राखून ठेवले.

"मामी, यंदापासून घासू नका हो," तो कळवळून म्हणाला.

"अरे, मग लक्ष्मीपुढं काय मळका रुपया ठेवू?"

यावर त्याच्या सत्तरात काही उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं, शंभराहून अधिक वर्षांचा हाही सांभाळच, फक्त तो दर दिवाळीला नाण्याला थोडा थोडा खातो. यंदाही रुपया घासून झाला. राणीचं नाक आता ओळखीपुरतं उरलंय.