परतलेल्याला काय विचारावे?

आमचे पनवेल हे परतणाऱ्यांचे गाव आहे. गोव्याकडे जाणारा महामार्ग इथूनच पळस्प्याला फुटतो, कोकणात निघालेली माणसे इथे गाडी बदलतात, चहा पितात आणि पुढे जातात. आमच्या लहानपणी रात्री-बेरात्री सहारच्या विमानतळावरून येणाऱ्या टॅक्सी दिसत. टपावर दोरीने आवळलेली खोकी, खोक्यांवर जाड पेनने लिहिलेले नाव आणि गाव: म्हसळा, श्रीवर्धन, महाड, खेड. आत पेंगलेला एक माणूस, दोन-तीन वर्षांनी घरी निघालेला. आता विमानतळच आमच्या दाराशी आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर तिथून विमाने उडू लागली. त्यासाठी दहा गावे उठली. त्या गावांतल्या लोकांना परतायचे म्हटले तर कुठे परतावे, हा प्रश्न वेगळाच आहे, आणि त्यावर लिहिण्याचा हक्क त्यांचा आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात दरवर्षी चार-पाच मुले अशी असतात की ज्यांचे वडील आखातात आहेत. एकदा ‘मेरे अब्बा’ हा विषय निबंधाला दिला. सहावीतल्या एका मुलाने लिहिले होते, की अब्बा आले, त्यांनी पहिल्यांदा माझे मार्क विचारले, मग उंची विचारली, मग ते झोपले. लेखनदोष सोडले तर निबंधात कमी काहीच नव्हते. त्याला दहापैकी किती गुण द्यावेत, हे आम्हांला बराच वेळ सुचेना.

हे सगळे पुन्हा वर येण्याचे कारण एक चित्रपट आहे. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथाचित्र विभागातले परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. आम्ही पाहिला तेव्हा सारे मिळून बारा-पंधरा प्रेक्षक असतील. गोष्ट साधी आहे. आनंद नावाचा तिशीतला तरुण मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरी करतो. वडील वारतात. दहा दिवसांचे सुतक पाळण्यासाठी तो आईबरोबर गावी जातो. तिथे बाल्या हा लहानपणचा मित्र भेटतो, जो शेती करतो. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा सहसा हलत नाही. माणसे बसलेली, पडलेली, चहा पिताना दिसतात. आनंद सुरुवातीला जणू लाकडाचा आहे. सांगितले तिथे बसतो, वाढले ते खातो. दहा दिवसांत त्याच्या आत हळूहळू काहीतरी जागे होते. दिग्दर्शकाने ही वेळ स्वतः अनुभवली आहे. २०१६ मध्ये त्यांचे वडील गेले, तेव्हा ते असेच गावी सुतकात बसले होते आणि नातेवाईक त्यांच्या लग्नाच्या मागे लागले होते.

आनंद आणि बाल्या यांच्यामधले नाते प्रेमाचे आहे, दोन पुरुषांमधले. हे लपवून चित्रपटाबद्दल लिहिणे म्हणजे वाचकांना फसवणे होईल. धर्माचा यावरचा निर्णय काय, तो वाचकांना ठाऊक आहे. फतवा देणे आमचे काम नाही आणि तेवढा आमचा इल्मही नाही. आम्हीही थिएटरात जरा अवघडून बसलो होतो, हे कबूल करतो. पण घरी आल्यावर जे मनातून जाईना ते दुसरेच होते. त्या घरात आलेला प्रत्येक माणूस आनंदला विचारतो, लग्न कधी? मुंबईत तू कसा राहतोस, जेवतोस कुठे, रात्री कामावरून परतल्यावर कोणाशी बोलतोस, असे त्यांच्यापैकी कोणाला विचारावेसे वाटले, असे आम्हांला दिसले नाही. फक्त आई विचारत नाही, कारण तिला माहीत आहे. जयश्री जगताप यांनी ती आई अशी उभी केली आहे की तिचे गप्प बसणेसुद्धा मुलाच्या पाठीवर हात ठेवल्यासारखे वाटते.

आमच्या मनातून ते का जाईना, याचे कारण आमच्या घरातच आहे.

आमचा एक मामेभाऊ दम्मामला एसीचा मेकॅनिक होता. २०१४ मध्ये मामू अचानक गेले. त्या काळी तिथून निघायचे तर मालकाच्या मर्जीने एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का लागे (मार्च २०२१ पासून हा नियम बराच सैल झाला आहे). कंपनीने कागद द्यायला दोन दिवस घेतले. तो पोहोचला तेव्हा मामूंना दफन करून तिसरा दिवस उजाडला होता. दारात टॅक्सी थांबली तशी आत बायकांचा आवाज चढला. सगळ्यांची नजर त्याच्यावर. तो आत आला, मामीपाशी पाच मिनिटे बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, “मोटर का बंद आहे?” मग पान्हा शोधून तो मागच्या अंगणात पाण्याची मोटर दुरुस्त करायला बसला. कब्रस्तानात जाऊन आला, डोळे कोरडे. दुसऱ्या दिवशी त्याने स्वयंपाकघराचा दिवा बसवला, जिन्याची वायर बदलली.

एक खाला बोलून गेली, “रियालने काळीज सुकवलंय पोराचं.” आम्ही काही बोललो नाही. पण मनात आम्हीही तेच म्हणत होतो, आणि संधी मिळताच विचारायलाही चुकलो नाही: “भाईजान, रडलात तर बरं वाटेल. का अडवून धरताय?” त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि टेस्टर मागितला.

आपल्याकडे शोकाची रीत मुळात किती समंजस आहे पाहा. विधवेची इद्दत वेगळी. इतरांसाठी शोक तीन दिवसांचा. हजरत जाफर शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण बनवून पाठवा, असे रसूलुल्लाह (स.) यांनी सांगितले होते, म्हणजे ज्याच्या घरी मय्यत झाली त्याला चुलीची चिंता नको. आपला लहानगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांचे स्वतःचे डोळे वाहिले आणि सोबतच्यांना त्याचे नवल वाटले. छाती पिटून आक्रोश करण्याला मनाई आहे, अश्रूंना नाही. पण अश्रूंची हजेरी घ्या असे कुठे म्हटले आहे? आम्ही तरी ते वाचलेले नाही. ही हजेरी आपण लावली. जो मोठ्याने रडतो त्याला सब्र नाही, जो रडत नाही त्याला काळीज नाही. मधली जागा बोटभरही नाही. ताजियतला येणारा माणूस पुरसा द्यायला येतो की पंचनामा करायला, असा प्रश्न कधीकधी पडतो.

त्या वर्षी आम्ही बी.एड. करीत होतो. सूक्ष्म अध्यापनात प्रश्नकौशल्याचे पाठ घ्यावे लागत. मुलाचे उत्तर अपुरे असेल तर त्याला इशारा कसा द्यावा, आणखी खोलात कसे न्यावे, याचे निरीक्षक गुण देत. आम्हांला त्यात चांगले गुण मिळाले. प्रश्न न विचारण्याच्या कौशल्याचा पाठ त्या अभ्यासक्रमात नव्हता. पुढे २०१७ मध्ये ज्याला राष्ट्रीय पुरस्कारांतले सुवर्णकमळ मिळाले तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ पाहिला, तेव्हा तो पाठ पाहायला मिळाला. त्यात स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी जीव द्यायला निघालेल्या एका अनोळखी मुलाला कोकणच्या किनाऱ्यावर आपल्या घरी आणते. त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाही. किनाऱ्यावर कासवांची अंडी जपण्याचे काम चाललेले असते. ही पिल्ले बाहेर आली की राखणारी माणसे त्यांना उचलून समुद्रात टाकत नाहीत. वाळूवर सोडतात, आणि कुत्री-कावळ्यांवर नजर ठेवून बाजूला उभी राहतात. पाण्यापर्यंत पिल्लाने आपल्या पायांनी जायचे असते.

हे आम्ही शाळेत एका सहकाऱ्याला सांगितले. ते उर्दू शिकवतात, वयाने मोठे आहेत, आणि आमची भाबडी मते खोडून काढणे त्यांना आवडते. ते म्हणाले, “मियाँ, जिथे कोणी काही विचारत नाही त्याला घर म्हणत नाहीत, लॉज म्हणतात. रजिस्टरमध्ये नाव लिहा, किल्ली घ्या. आई विचारणार नाही तर कोण विचारणार?”

यावर आम्ही बरेच दिवस विचार केला, कारण त्यांचे म्हणणे खरे आहे. न विचारण्याचे दोन प्रकार असतात आणि बाहेरून ते अगदी सारखे दिसतात. एक आनंदच्या आईचा. तिला उत्तर माहीत आहे, किंवा माहीत नसले तरी ते ऐकायची तिची तयारी आहे. मुलगा बोलेल तेव्हा बोलेल. दुसरा भीतीचा. उत्तर आले तर काहीतरी करावे लागेल, म्हणून विचारायचेच नाही. कितीतरी सभ्य घरांत हा दुसरा प्रकार प्रेम म्हणून खपतो. ‘आम्ही त्याला कधी काही विचारले नाही’ असे अभिमानाने सांगणारे वडील आम्ही पालकसभेत पाहिले आहेत. त्यांच्या मुलाला विचारून पाहावे, की त्याने आपण होऊन सांगायचा प्रयत्न केला तेव्हा काय झाले. दोन्हींतला फरक तिथेच कळतो.

आणि मग आम्हांला आमच्या घरातले २०१४ वेगळेच दिसू लागले. भाईजानना आम्ही काय काय विचारले होते? रडत का नाही. रजा किती दिवसांची. बहिणीचे लग्न या वर्षी उरकायचे का. सोने तिकडे काय भावाने आहे. या कशाच्याही उत्तराने आमचे काही जाणार नव्हते. आणि काय विचारले नव्हते? तिथे एका खोलीत किती जण राहता. पन्नास डिग्रीच्या उन्हात गच्चीवर चढून तुम्ही दुसऱ्यांची घरे थंड करता, मग दुपारी तुम्ही कुठे टेकता. मामू गेल्याची खबर फोनवर आली तेव्हा तुमच्याजवळ कोण होते. हे आम्ही नऊ वर्षांत विचारले नाही, मामींनी नाही, मामूंनीही नाही. घरावरचा स्लॅब त्यांच्या पैशाने पडला होता. आमची बी.एड.ची फीसुद्धा त्यांनीच भरली होती. विचारले असते आणि त्यांनी खरे सांगितले असते, तर ‘मग परत या’ असे म्हणावे लागले असते. ते म्हणायची घरात कोणाची तयारी नव्हती. आमचीही नव्हती.

तेव्हा काळीज कोणाचे सुकले होते, हे त्या खालाला आज विचारता येणार नाही, त्याही गेल्या. स्वतःला विचारतो.

आनंदचे नातेवाईक वाईट नाहीत, चित्रपटाने त्यांना वाईट दाखवलेलेही नाही. ते मुलाच्या भल्यासाठीच विचारत असतात. फक्त जो आला आहे तो त्यांना दिसत नाही, यायला हवा होता तो दिसतो. तुम्ही निर्णय काय द्यायचा तो द्या, पण निदान समोर बसलेल्या माणसाबद्दल द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे. साबर बोंड म्हणजे निवडुंगाचे फळ, आत लाल आणि गोड, वरून बारीक कुसे. कुसे काढायला वेळ द्यावा लागतो. घाई केली की ती बोटांत राहतात, आणि दोष फळाला दिला जातो.

भाईजान चाळीस दिवस राहिले. घरात दुरुस्त करण्यासारखे काही उरले नाही. मामू शिंपी होते. तेव्हा शेवटी त्यांनी दुकान आवरायला काढले. आम्ही मदतीला गेलो होतो, या वेळी गप्प. मामूंची मापांची जुनी वही निघाली. तिच्यात भाईजानचे माप दर ईदला लिहिलेले होते, बाराव्या वर्षापासून. ते गेल्यानंतरच्या वर्षांचीही मापे होती, आणि त्या प्रत्येकासमोर मामूंच्या हाताने एक शब्द होता: ‘अंदाजन’. कपाटात एक पांढरा कुर्ता घडी करून ठेवलेला होता, काजे झालेली, बटणे लावायची राहिलेली.

भाईजाननी तो तिथेच अंगात घातला. छातीत घट्ट झाला. एसी उचलून उचलून ते रुंद झाले होते आणि मामूंना ते कळायला काही मार्ग नव्हता. ते हसले. मग मशीनच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. आम्ही शटर अर्धे खाली ओढले आणि बाहेर उभे राहिलो.

संध्याकाळी कुर्ता घरी आला. मामींनी तो उलटा करून दिव्याखाली धरला, बगलेखालची शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, “माया ठेवलीये त्यांनी, दोन्ही बाजूंना.” त्यांनी शिवण उसवली, सैल करून हातानेच परत घातली, बटणे लावली. शुक्रवारी भाईजान तो घालून जुम्याला गेले.