पुड्या फोडून पाळी सुधारत नाही

मायो-इनॉसिटॉलची पुडी पाण्यात ढवळून प्यायलीस की झालं, असं तुला कुणी सांगितलं? रीलवरच्या बाईनं? बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलंस ना? मग "मॅडम, नैसर्गिक आहे, काही होत नाही," हे तुझ्या तोंडी शोभतं? धोतऱ्याचं बीही नैसर्गिकच असतं.

इनॉसिटॉल म्हणजे काय ते तुला चांगलं ठाऊक आहे. सहा कार्बनचं कडं, प्रत्येकावर एक हायड्रॉक्सिल. गोडसर शर्करा-अल्कोहोल. पूर्वी त्याला बी-8 जीवनसत्त्व म्हणत. पण शरीर ते ग्लुकोजपासून स्वतःच बनवतं, म्हणून त्या यादीतून ते गेलं. पेशीत इन्सुलिनचा निरोप पुढे पोचवायला ते लागतं, म्हणून पीसीओएसमध्ये, म्हणजे पाळी बिघडवणाऱ्या त्या संप्रेरकांच्या विकारात, देतात, बहुधा दिवसाला 4 ग्रॅम. एवढं सगळं येतं तुला. येतं म्हणूनच राग येतो.

पुढचं पान का उलटत नाहीस? पीसीओएसच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात: घ्यायचं तर घ्या, अपाय फारसा नाही, चयापचय थोडं सुधारू शकतं, पण स्त्रीबीज सुटणं, नको असलेली लव, वजन यांत फायदा मर्यादितच. आहार आणि व्यायाम मात्र प्रत्येकीला सांगितलेत. तू नेमकं तेच गाळलंस!

"सकाळी वेळ नाही." रात्री एकपर्यंत मोबाइल चाळायला असतो? "फिरायला गेलं की लोक बघतात." बघू देत. दोन दिवसांत कंटाळतील. "मैत्रिणीला फरक पडला." तिचे रिपोर्ट पाहिलेस? तुझे तरी कुठे आहेत? थायरॉईड नाही तपासलं, प्रोलॅक्टिन नाही, मग पीसीओएस ठरवलं कुणी? तीन-तीन महिने पाळी येत नाही आणि तू संत्र्याची चव मागवू की लिंबाची यात गुंतलेली! मेहकर-जालना रस्ता तुझ्या दुसरबीड गावातूनच जातो. साडी घ्यायला जालना जवळ, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं म्हटलं की लांब?

घरच्या मटकीला नाक मुरडतेस. तिच्यातही इनॉसिटॉल आहे, फायटिक आम्लात अडकलेलं. मोड आणले की थोडं सुटतं. पुडीएवढी मात्रा त्यातून मिळणार नाही, हेही स्पष्ट सांगते. पण भाकरी-उसळ सारून बिस्किटांचा पुडा संपवायचा आणि वर इन्सुलिनसाठी पूड प्यायची? फसवतेस कुणाला?

पुडी फेक म्हणत नाही मी. डॉक्टरांनी दिली तर नेमानं घे. साखरेची गोळी चालू असेल, दिवस राहण्याचा विचार असेल, पोट बिघडत असेल, तर त्यांच्यापासून लपवू नकोस.

सोमवारी सकाळच्या एसटीनं जालन्याला जायचं. पाळीच्या तारखा कागदावर लिही, पुडीचं पाकीटही सोबत घे. एकटीला धीर होत नसेल तर मी येते. सबब तेवढी आणू नकोस.