रात्रीची राखण

आपल्या आश्रयाला असलेल्या जीवाच्या रक्षणासाठी दुसऱ्या जीवाची हत्या करण्याचा अधिकार मनुष्याला कितपत पोचतो, हा प्रश्न पंडितांच्या चर्चेत फार सूक्ष्म वाटतो. पेडणे-डिचोलीकडच्या परसात तो अगदी ठसठशीत रूपाने उभा राहतो. रात्री कोल्हा येतो, खुराड्याची फळी उचकटतो आणि सकाळी अंगणात पिसे उरतात. त्या पिसांकडे पाहणाऱ्या बाईला अहिंसेवरचे व्याख्यान ऐकावयाचे नसते. आज रात्री काय करावयाचे, एवढेच तिला ठरवावयाचे असते. कोणी बंदूक सुचवितो, कोणी तारेचा फास, कोणी विष घातलेला मांसाचा तुकडा.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने सांगावयास हवी. हे लिखाण वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या अंगणात कोंबडी कधी चरलेली नाही. देवळाच्या सभामंडपात बसून कोल्ह्यावर दया करावी असे म्हणणे आपणांस सोपे जाते, कारण त्या दयेची किंमत दुसऱ्याच्या खुराड्यातून वसूल होते. गावठी कोंबडी ही गरीब घरातल्या गृहिणीची स्वतःची गाठ असते. भाताचे पैसे घरधन्याच्या हाती जातात, अंड्यांचे तिच्या हाती येतात. मुलाची वही, औषधाची बाटली, माहेरी जाण्याचे बसभाडे यांतून निघते. एका रात्रीत पाच-सहा कोंबड्या गेल्या म्हणजे तिची ती गाठ सुटते आणि पुन्हा बांधावयास वर्ष लागते. तिच्या नुकसानीवर आपण आपल्या पुण्याचा जमाखर्च लिहू लागलो, तर तो हिशेब कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही. तेव्हा कोल्ह्याची बाजू मांडावयाची असेल तर या बाईच्या समोर उभे राहून मांडली पाहिजे.

वकिलीची सवय अशी, की शिक्षेचा विचार करण्याआधी आरोपी कोण हे पाहावयाचे. इंग्रजी गोष्टींतले खोकड निराळे. आपल्या सड्यांवरून सांजावताना ज्याची कुई ऐकू येते तो कोल्हा, कोंकणीतला कोलो. पंचतंत्राने करटक आणि दमनक यांच्या रूपाने त्याला कपटाचा शिक्का मारला. 'कोल्हा काकडीला राजी' या म्हणीने त्याचे हसे केले. पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पाहता म्हणच अधिक खरी आहे. तो शेतातले उंदीर खातो, खेकडे खातो, मेलेले जनावर खातो, पडलेली फळे खातो आणि दार उघडे दिसले तर कोंबडीही नेतो. मिळेल ते खाऊन जगणारा तो एक प्राणी आहे. कोंबडी कोणाच्या मालकीची, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही आणि ज्याला मालकीची जाणीवच नाही त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवता येत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला व्याघ्र आणि गोमायु यांची कथा सांगतात. गोमायु म्हणजे कोल्हा. पूर्वजन्मी पौरिक नावाचा क्रूर राजा असलेला हा कोल्हा या जन्मी पापभीरू होऊन स्मशानात राहतो. त्याची कीर्ती ऐकून वाघ त्याला आपला मंत्री करतो. जुन्या सेवकांना ते खपत नाही. ते वाघासाठी राखलेले मांस चोरून कोल्ह्याच्या घरी नेऊन ठेवतात आणि चोरीचा आळ त्याच्यावर घालतात. भुकेने आणि रागाने पेटलेला वाघ चौकशी न करता वधाची आज्ञा देतो. वाघाची आई मध्ये पडते, त्याला विचार करावयास लावते आणि कोल्हा निर्दोष ठरतो. ही कथा राजधर्माची आहे. परंतु पिसांनी भरलेल्या अंगणातही ती आठवावी अशीच आहे. मांस गेले आणि कोल्हा हाती सापडला, एवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही.

आपल्याकडे खुराड्यावर रात्री येणारे पाहुणे पुष्कळ आहेत. उदमांजर भिंतीवरून चढून कौलांखालून शिरते. रानमांजर येते, अजगर येतो, गावातली मोकाट कुत्री येतात आणि रानाच्या कडेच्या गावांत बिबटाही येतो. मुंगूस तर दिवसाढवळ्या पिल्ले उचलतो. कोल्हा बहुधा जमीन उकरून किंवा सैल फळी ढकलून आत येतो. उकरलेली माती आहे की छपराची फट मोठी झाली आहे, हे सकाळी उजेडात पाहिले तर निम्मी चौकशी तेथेच होते. आणखी एक गोष्ट. 'खाल्ली एक आणि मारल्या पाच' याला लोक क्रौर्य समजतात. बंद जागेत पक्ष्यांची फडफड सुरू झाली की शिकारी प्राण्याची पकडण्याची प्रवृत्ती पुन्हा पुन्हा चेतते आणि पळून जाण्यास वाट नसल्यामुळे भक्ष्य संपेपर्यंत ती थांबत नाही. कोंडण्याची व्यवस्था आपली होती; तिला दार मात्र नीट नव्हते.

आता कायदा पाहू. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची यादी होती. कावळे, वटवाघळे आणि उंदीर यांच्या पंक्तीला त्या यादीत कोल्हाही बसला होता. म्हणजे त्याला कोणीही मारावे, त्यास दाद नव्हती. पुढे त्याचे नाव त्या यादीतून काढून संरक्षित प्राण्यांत घालण्यात आले आणि २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी नव्याने झाली तेव्हाही ते संरक्षण कायम राहिले. या अवधीत कोल्ह्याच्या स्वभावात काहीही फरक पडला नव्हता. आज या कायद्याखाली शिकार या शब्दात मारणे, विष घालणे, फास लावणे, पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हे सर्व येते. स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या रक्षणासाठी सद्भावनेने प्राण्यास मारणे भाग पडले, तर तो गुन्हा होत नाही. कोंबडीच्या रक्षणाला ही सवलत लागू नाही. पिसाळलेला, माणसाच्या अंगावर येणारा कोल्हा ही निराळी गोष्ट. तेथे वनखात्यास कळवावे आणि दंश झाला असल्यास त्याच दिवशी लस घ्यावी. खुराड्याशी त्याचा संबंध नाही.

कायदा काय करू नये ते सांगतो. राखण कोणी करावी, हे मात्र आपल्या जुन्या व्यवहारशास्त्राने सांगून ठेवले आहे. अठरा विवादपदांत स्वामिपालविवाद नावाचे एक पद आहे; गुरांचा मालक आणि गुराखी यांच्यातला वाद. मनुस्मृतीचा आठवा अध्याय म्हणतो की दिवसाची जबाबदारी गुराख्यावर आणि रात्री गुरे मालकाच्या घरी असतील तर जबाबदारी मालकावर. पुढे लांडग्याचाही विचार केला आहे. शेळ्यामेंढ्यांना लांडग्यांनी घेरले असता राखणारा धावला नाही, तर दोष त्याचा. त्याने त्यांना एकत्र आवरून ठेवले असता लांडग्याने अवचित झेप घातली, तर त्याला दोष नाही. मनुस्मृतीतले सारेच आज मान्य होण्याजोगे नाही, हे सांगावयास नको. परंतु या जागी शास्त्रकाराने केलेली विभागणी लक्षात घेण्यासारखी आहे. दोष ठरविताना त्याने लांडग्याचे नाव कोठेच घेतले नाही. लांडगा हा पावसासारखा, पुरासारखा गृहीत धरला आहे. प्रश्न एवढाच, की ज्याने जीव सांभाळावयास घेतला त्याने तो सांभाळला की नाही.

माझ्या मते सगळ्या वादाची गाठ येथे आहे. रानकोंबडी संध्याकाळी झाडावर चढून बसते आणि आपल्या जीवाचे आपण पाहते. घरच्या कोंबडीलाही उंच बसण्याची खोड असते. आपण तिला आपल्या सोयीसाठी जमिनीलगतच्या खुराड्यात घातले. अंधार पडला की तिला जवळजवळ दिसेनासे होते, म्हणून दिवेलागणीला ती आपण होऊन आपल्या दाराशी येते. हा तिने आपल्यावर टाकलेला विश्वास आहे आणि त्याच्या मोबदल्यात ती अंडी देते, पुढे जीवही देते. ज्याने तिच्याकडून इतके घेतले त्याच्याकडे रात्रीची राखण येते. दार न लावता बंदूक लावणारा माणूस राखणीचे ऋण फेडीत नाही.

शिवाय विष आणि फास यांना आरोपीची ओळख पटत नाही. रानडुकरासाठी लावलेल्या तारेत बिबटा अडकल्याच्या बातम्या गोव्यात पुन्हा पुन्हा आल्या आहेत. विषाचा तुकडा कोल्ह्याने खाल्ला नाही तर शेजाऱ्याचा कुत्रा खातो आणि त्या मेलेल्या देहावर घार उतरते. जानेवारी २०२० मध्ये डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीत, म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे चार वाघ मेलेले सापडले. गुरे मारल्याच्या रागातून विष घातल्याच्या आरोपावरून काही स्थानिकांना अटक झाली. त्या प्रसंगाने अरण्याची हानी झाली आणि ज्यांची गुरे आधीच गेली होती त्यांच्या दाराशी पोलीसही आले. एका नुकसानीचे अशा रीतीने दुसऱ्या मोठ्या नुकसानीत रूपांतर होते. आणि कोल्हा मारूनही प्रश्न मिटत नाही. त्याची जागा मोकळी झाली की दुसरा कोल्हा ती घेतो, आणि खुराड्याची फळी सैलच राहिलेली असते.

यावर ती बाई म्हणेल, 'राखण माझी हे कबूल. पण हा प्राणी माझ्या दाराशी का येऊ लागला?' तिचा प्रश्न रास्त आहे. जांभ्याचे उघडे सडे आणि त्यांच्या कडेची झुडपे ही कोल्ह्याची वस्ती. पेडण्यात मोपाच्या सड्यावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. डिचोलीच्या कित्येक डोंगरांची माती लोहखनिजासाठी निघून गेली. रस्त्याच्या कडेला मांसाच्या आणि मासळीच्या दुकानांतला कचरा रात्री पडतो आणि त्या वासावर कोल्हा व कुत्री वस्तीत येतात. विमानाने जाणाऱ्याला, खनिज विकणाऱ्याला, कचरा टाकणाऱ्याला या सर्वाचा लाभ किंवा सोय झाली. रात्री जागण्याची पाळी मात्र परसातल्या चार कोंबड्यांच्या मालकिणीवर आली. सरकारदरबारी अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे यांत चार कोंबड्यांची किंमत बसभाड्यातच संपते.

म्हणून कोल्ह्याने जगावे असे ज्यांस मनापासून वाटते त्यांनी राखणीच्या खर्चात वाटा उचलला पाहिजे. हा खर्च फार मोठा नाही. चिऱ्याचा जोता, अर्ध्या इंची जाड तारेची जाळी, ती जमिनीखाली हातभर पुरलेली आणि बाहेरच्या बाजूला वळविलेली. छपरालाही तीच जाळी. आणि पंजाने किंवा नाकाने न उघडणारी कडी. उकरणारा कोल्हा, चढणारे उदमांजर आणि फटीतून शिरणारा मुंगूस या तिघांनाही ही व्यवस्था पुरते. यानंतर उरते ते दिवेलागणीला दार लावण्याचे काम, आणि ते दररोज करावे लागते. आपली देवस्थाने जत्रेला मांडव घालतात, दीपमाळा उजळतात, अन्नसंतर्पण करतात. गावातल्या गरजू घरांना वर्षाला अशी चार-पाच पक्की खुराडी बांधून देणे कोणत्याही देवस्थान समितीला जड जाऊ नये. भूतदया हा शब्द कीर्तनात येतो तसा जमाखर्चाच्या वहीतही यावा. राज्यघटनेने १९७६ पासून प्राणिमात्रांवर दया करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहून ठेवले आहे. ते कर्तव्य सर्वांचे आहे. केवळ ज्याची कोंबडी गेली त्याचे नव्हे.

आपल्या गावांना राखणीचा अर्थ शिकवावा लागू नये. प्रत्येक गावाला राखणदार आहे. कोणी त्याला नारळ देतो, कोणी रोट, कोणी कोंबडाही देतो आणि त्या देण्यालाच राखण म्हणतात. डिचोली महालातला आमोण्याचा वेताळ सर्वांना ठाऊक आहे. वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहण्याची चाल गोव्यात आहे. तो रात्रभर गावाच्या सीमेवरून फिरतो, त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, अशी भाविकांची समजूत. या समजुतीत राखणीची जी कल्पना आहे ती मला मोलाची वाटते. ज्याच्यावर राखण सोपविली तो रात्री चालतो, जागतो, आणि त्यात त्याचे काही झिजते. सीमेबाहेरच्या सर्वांचा संहार करून तो निवांत झोपी गेला, असे कोणी म्हणत नाही. तसे असते तर दरवर्षी नव्या वहाणांची गरजच पडली नसती. देवाकडून आपण जी राखण मागतो, तीच आपल्या खुराड्यातल्या जीवाने आपल्याकडे मागितली आहे. दिवेलागणीला उठून कडी लावावी, आणि शेजारणीच्या खुराड्याला कडी नसेल तर ती बसवून द्यावी, इतकेच तिचे मागणे आहे.