पथारी, परवाना आणि पत

मनमाड स्टेशनात गाडी थांबली की टोपली डोक्यावर घेऊन डब्यात चढणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. त्याच्याकडे परवाना नसेल, तर रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली त्याची विक्री हा गुन्हा ठरतो. आरपीएफचा जवान दिसला की त्याला डबा बदलावा लागतो. याच देशात जन्मलेल्या नागरिकाची ही गत. मग ज्याचा देशच सुटला, त्याने पोट कसं भरायचं?

थंडीत नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या तिबेटी मार्केटला गर्दी होते. पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला जाणारा मनमाडकरही तिथे पोरांसाठी जाकीट, आईसाठी शाल बघतो. तिबेटींच्या या धंद्यातला बराचसा माल लुधियानाचा. तिथले कारखानदार तो उधारीवर देतात आणि हंगाम संपल्यावर हिशेब चुकता होतो. गहाण टाकायला काहीच नसलेल्या माणसाला शब्दावर माल मिळतो, ही त्याची सगळ्यात मोठी कमाई. पण एखाद्या साली थंडीच पडली नाही, तर गठ्ठे तसेच राहतात आणि देणं अंगावर येतं.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ पासून तिबेटींची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. अशा वसाहतींतली शेती वर्षभर पुरत नाही, म्हणून हिवाळ्यात घरची कर्ती माणसं शहरोशहरी स्वेटर विकायला निघतात.

त्याआधी पाव शतक, फाळणीत, सिंधी आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ते राहिले. १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला महायुद्धात पोलंडचे निर्वासित होते. त्यांच्या जागी आलेल्या सिंध्यांनी गांधीनगरची कापडाची घाऊक पेठ उभी केली. बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी ते दारोदार विकले. नफा थोडा सुटला तरी चालेल, माल पडून राहता कामा नये, हा त्यांचा हिशेब.

सिंधी मेहनती म्हणून वर आले, असं आपण कौतुकाने म्हणतो. मला हे अर्धंच खरं वाटतं. मेहनत तिबेटीही करतो. फरक कागदाचा आहे. फाळणीत आलेल्यांना घटनेनेच नागरिकत्वाची वाट दिली, १९५४ च्या कायद्याने नुकसानभरपाई दिली. त्यांना दुकान घेता आलं, ते तारण ठेवून कर्ज काढता आलं. तिबेटी माणसाच्या हातात बहुधा परकीय म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र, तेही मुदतीचं. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सही केलेली नाही. काम करण्याचा हक्क सांगणारी कलमं त्यातच आहेत. युगांडासारख्या गरीब देशाने २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याची मुभा दिली. बांगलादेशातल्या छावण्यांत रोहिंग्यांना ती रीतसर मिळत नाही, आणि लाखो धडधाकट माणसं शिधावाटपाच्या रांगेत उभी राहतात.

इथल्या दुकानदाराची तक्रार मी उडवून लावणार नाही. वर्षभर भाडं भरायचं आणि ऐन हंगामात शेजारी स्वस्त माल लागलेला बघायचा, हे सोपं नाही. पण म्हणून तिबेट्याला हुसकावलं, तर तो उद्या चोरून विकेल, हप्ता देईल आणि भाव आणखी पाडेल. परवाना दिला तर दोघांना एकच नियम लावता येईल. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात जमिनीचे भाडेपट्टे आणि व्यवसायाचे परवाने यांची तरतूद आहे. अंमल राज्यांच्या हाती आहे. महाराष्ट्राने आणि इथल्या नगरपालिकांनी तो मन लावून करावा: जागा काही वर्षांच्या कराराने द्यावी, आणि त्या कराराच्या कागदावर बँकेनेही कर्ज द्यावं.