विनामोबदला

चाकणजवळच्या कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे या पट्ट्यात जमिनीला भाव आला आणि गावोगाव एक नवे नाते तयार झाले : सहीपुरती बहीण. एरवी राखीला आणि भाऊबीजेला आठवणाऱ्या बहिणीला न्यायला भाऊ स्वतः गाडी घेऊन येतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ती कॅमेऱ्यासमोर बसते, यंत्रावर अंगठा टेकवते, हक्कसोडपत्रावर सही करते आणि हातात साडी घेऊन दिवेलागणीच्या आत सासरी परतते. हे सारे स्वखुशीने, कोणाच्या दडपणाविना आणि विनामोबदला केल्याचे दस्तात आधीच टाइप केलेले असते. अशा दस्ताचे मुद्रांक शुल्क वर्षानुवर्षे 200 रुपये होते. कोटींच्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त कागद हाच असावा.

कायदा नुसता कागदावर राहिला, असे म्हणणाऱ्यांनी या कचेरीत तासभर बसून पाहावे. कायदा लागू आहे म्हणून तर सही लागते. नसलेला हक्क कोणी सोडवून घेत नाही. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटेकरी केले, केंद्राच्या अकरा वर्षे आधी. पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. एकाच बापाच्या दोन मुली, थोरलीचे लग्न 1993 च्या उन्हाळ्यातले आणि धाकटीचे 1995 चे, एवढ्यावरून एक परकी आणि दुसरी भावाच्या बरोबरीची ठरली. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद मिटवला. त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. मधल्या काळात, 2009 मध्ये, फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला उभा राहिला. लेकीचा हक्क पक्का होणे आणि एकराचे गुंठ्यांत तुकडे पडून गुंठामंत्री उगवणे, हे इथे एकाच सुमारास घडले. योगायोग क्रूर होता.

तलाठ्याच्या दप्तराने कायद्याआधीच आपली वाट काढून ठेवली होती. बाप गेल्यावर वारसनोंद व्हायची, तेव्हा मुलगे भोगवटादार आणि थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बहिणींची नावे मात्र अनेकदा ‘इतर हक्क’ या रकान्यात जात. सोसायटीच्या कर्जाचा बोजाही त्याच रकान्यात लिहिला जातो. लेक आणि बोजा शेजारीशेजारी. हे कोणी मुद्दाम ठरवले नसेल, पण गावाने बोलून दाखवली नसती अशी गोष्ट सातबारा सरळ लिहून मोकळा झाला.

मग ती सही का करते? अडाणीपणा हे उत्तर आपल्याला सोयीचे आहे, कारण मग एखादे जागृती शिबिर भरवले की आपले काम संपते. प्रत्यक्षात पदवीधर, नोकरी करणाऱ्या, आकुर्डीत स्वतःच्या फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्या बायकाही सही करतात. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी जमीन आणि स्त्री या विषयावरील 1994 च्या आपल्या ग्रंथात दाखवले की बहीण हिस्सा सोडते ती भावाचा आधार शाबूत राहावा म्हणून. आपल्याकडे या आधाराला माहेर म्हणतात. सासरी बिनसले तर चार दिवस पाठ टेकायला एक ओसरी हवी, आणि त्या ओसरीचा विम्याचा हप्ता म्हणजे ही सही.

विमा लागतो, कारण सासरी तिच्या पायाखाली काही नसते. ‘ती इथे सोडते, पण तिकडे तिची नणंदही सोडतेच की, फिटंफाट झाली’ असा युक्तिवाद पारावर हमखास ऐकू येतो. त्यातली मेख कोणी पाहत नाही. नणंदेने सोडलेले या बहिणीच्या नवऱ्याच्या नावावर जाते, तिच्या नाही. नवरा हयात असेपर्यंत त्याच्या जमिनीवर बायकोची मालकी कायदा मानत नाही. दोन घरांतल्या दोन बायकांनी दोन सह्या केल्या आणि दोन पुरुषांची खाती भरली. माहेरची असमानता सासरच्या असमानतेला टेकू देते आणि सासरची माहेरच्या. एकीला हात घातल्याशिवाय दुसरी हलत नाही, हे माझे म्हणणे.

‘लग्नात तिचा हिस्सा दिला’ हे दुसरे उत्तर. दिला, पण कोणाला? मे 2025 मध्ये वाकडच्या एका लेकीचा मुळशीतल्या सासरी मृत्यू झाला. लग्नात 51 तोळे सोने आणि फॉर्च्युनर दिल्याचे तिच्या माहेरच्यांनी सांगितले. त्या प्रकरणाचा न्याय न्यायालय करील. पण या पट्ट्यातल्या लग्नांत मांडवाच्या दारी गाडी उभी करणारे किती बाप लेकीच्या नावाने दोन गुंठ्यांचा सातबारा करतात? गाडी मिरवता येते. सातबारा मिरवता येत नाही, पण त्याच्या जोरावर ‘मी इथून जाणार नाही’ किंवा ‘मी इथे राहणार नाही’ असे दोन्ही म्हणता येते.

सासरच्या असमानतेचा हा टेकू ज्याने ओळखला तो माणूस चाकणच्याच शिवारात राहत होता. शेतकरी नेते शरद जोशींची आंबेठाणची शेती आणि चाकणचे कांदा आंदोलन लोकांना आठवते. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला भरलेले शेतकरी महिलांचे अधिवेशन कमी आठवते, आणि त्यानंतरची लक्ष्मीमुक्ती मोहीम तर त्याहून कमी. नवऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, एवढीच तिची मागणी. 1992 मध्ये सरकारनेही त्याच नावाचा आदेश काढला. मोहिमेची एक बाजू मला कायम खटकते. तिच्यात लक्ष्मीचे देणे फेडण्याची भाषा होती, पण फेडायचे की नाही हे देणेकऱ्याच्या मर्जीवर सोडले होते. नवऱ्याने अर्ज केला तर नाव लागणार. तरीही बहिणीच्या सहीचे उत्तर बायकोच्या सातबाऱ्यात आहे, ही समज आजच्या आपल्या चर्चेपेक्षा पुढची होती.

आता त्या शिवारात कांदा कमी आणि कंटेनर जास्त. लावणी, खुरपणी, काटणी बायकाच करत. रान गेले तसा तो रोजही गेला. मोबदल्याच्या पैशातून परप्रांतीय कामगारांसाठी खोल्यांच्या चाळी उठल्या. खोल्या झाडायच्या, टँकर आला की पाणी भरून घ्यायचे, भाडे थकवणाऱ्याच्या दारात उभे राहायचे, हे घरची बाई करते. वीजमीटर आणि घरपट्टी नवऱ्याच्या नावावर.

अलीकडे काही बहिणी सही करण्याआधी वकील गाठतात, वाटपाचा दावा लावतात. गावात त्यांना ‘हावरी’ म्हणतात. फूटभर बांधासाठी भावाभावांचे दावे वीस-वीस वर्षे चालतात, तेव्हा हा शब्द कोणाला सुचत नाही. दावा लावणारीला दिवाळीत बोलावणे येत नाही. तिची भाचरे रस्त्यात भेटली की मान वळवतात, आणि ती घरी येऊन सांगते की पोरं मोठी झाली, ओळखू आली नाहीत.