न मागणारा धनको

बारामती-इंदापूरच्या आपल्या टापूत कमाईलाही ऋतू असतात. साखर कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपते. औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराला तर ऋतूचाही भरवसा नाही. मार्च 2020 च्या टाळेबंदीने हे कायमस्वरूपी नोकरदारांनाही दाखवून दिले. रिकाम्या हाताने दिवस कसे काढावेत, हे आपली घरे जाणतात. हात पुन्हा भरल्यावर काय करावे, हे मात्र कोणी शिकवत नाही.

काही दिवसांपूर्वी असरच्या नमाजनंतर इंदापूरचा एक तरुण माझ्यापाशी थांबला. दीड वर्षाच्या बेकारीनंतर त्याला बारामतीत कायम नोकरी लागली होती. मोटारसायकल, फ्रिज, नवा मोबाइल अशी यादी तयार होती. आधी काय घ्यावे, एवढाच प्रश्न. मी विचारले, "ही दीड वर्षे घर कशावर चालले?" किराणा उधारीवर, आणि आपाने स्वतःच्या बांगड्या गहाण ठेवून दिलेल्या पैशांवर. मग तो सहज म्हणाला, "पण ते काही मागत नाहीत, मौलाना."

या वाक्यापाशी थोडे थांबा. जो दारात येऊन तगादा लावतो त्याचा हप्ता आपण पाच तारखेला भरतो. जो आपली लाज राखून गप्प बसतो त्याला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवतो. म्हणजे भलेपणाची शिक्षा भल्यालाच! अडचणीतल्या ऋणकोला सवड द्यावी, असे कुरआन (2:280) सांगतो. पण ती सवड सुबत्ता येईपर्यंतची आहे. ऐपत असून परतफेड लांबवणे हा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत जुलूम ठरतो. एका मृताच्या डोक्यावर काही दीनारांचे कर्ज होते, तेव्हा ह. अबू कतादा (रजि.) यांनी ते स्वतःवर घेईपर्यंत प्रेषितांनी त्याची जनाजाची नमाज पढवली नाही.

हे मी उंचावरून सांगत नाही. एकदा माझे मानधन रखडले होते आणि वाणी मुकाट्याने माल देत होता. पैसे हाती आल्यावर मी आधी पुस्तके घेतली आणि महिनाभर मागच्या गल्लीने मशिदीत गेलो.

याचा अर्थ कर्ज फिटेपर्यंत काहीच घेऊ नये, असा नव्हे. अल्लाहची देणगी दासाच्या अंगावर दिसावी, हेही हदीसमध्ये आहे. इमाम शातिबी यांनी निकड, गरज आणि शोभा अशा तीन पायऱ्या मांडल्या. रात्रपाळी सुटल्यावर इंदापूरला परतायला एसटी नसेल, तर मोटारसायकल शोभा नव्हे, जुनी चालेल. चालू स्थितीतला मोबाइल बदलणे मात्र गरज कशी ठरते, ते मला उमगलेले नाही.

पण पायरी आपणच ठरवावी का? ज्याचा हक्क अडकला आहे त्याला विचारावे. आणि असे विचारावे की त्याला 'नाही' म्हणता येईल. "आपा, गाडी घेऊ ना?" या प्रश्नाला कोणती बहीण नकार देईल? म्हणून कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (2:282) देण्याघेण्याच्या लेखी नोंदीविषयी आहे. मी त्याला म्हणालो, कागदावर रक्कम आणि तारखा लिहून घेऊन जा.

गेल्या जुम्याला तो पुन्हा भेटला. कागद पाहून आपा आधी "राहू दे रे" म्हणाली होती. मग बराच वेळ कागद हातात धरून तिने विचारले, जूनच्या आत बांगड्या सुटतील का? सराफाकडचे व्याज दर महिन्याला तीच भरत होती, आणि मुलीची फी तटली होती.