युगांडाच्या बंद शाळा आणि आपला सदका

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे बंद झालेल्या युगांडातील शाळा पूर्णपणे उघडल्या त्या जानेवारी 2022 मध्ये. जगातील सर्वांत दीर्घ शाळाबंदींपैकी ती एक. सुमारे दीड कोटी मुलांचे शिक्षण तिने खंडित केले. रेडिओवरून धडे दिले गेले, पण खेड्यातील ज्या घरी रेडिओच नाही, तेथे धडा पोहोचणार कसा? कित्येक मुले मजुरीला लागली, कित्येक मुली कोवळ्या वयात माता झाल्या. शाळा उघडल्यावर ती सारी परतली नाहीत.

‘दारातला गरीब सोडून आफ्रिका कशाला?’ असे काही जण विचारतात. (विचारणारे दारातल्याला तरी देतात का, हा वेगळा प्रश्न.) नातलगाचा व शेजाऱ्याचा हक्क पहिला, हे निर्विवाद; परंतु तो शेवटचा नव्हे. मक्केत छळ सोसणाऱ्या मुस्लिमांना आसरा दिला तो हबशाच्या नज्जाशी राजाने, आणि हबशा आफ्रिकेतच आहे.

देताना मसला मात्र नीट समजून घ्यावा. हनफी फिकहनुसार जकात गरजूच्या मालकीत जावी लागते. म्हणून ती कुटुंबाच्या धान्यासाठी, मुलाच्या फीसाठी त्यांच्याच हाती पडावी. शाळेची भिंत, फळा, पाण्याची टाकी यांसाठी नफली सदका द्यावा. संस्थेला रक्कम सोपवताना ती जकातीची की सदक्याची, हे लिहून द्यावे. उपकार बोलून दाखवल्याने सदका वाया जातो, हे सूरह बकरात स्पष्ट आहे. तेव्हा धान्य घेणाऱ्या आईचे छायाचित्र मागवू नये, पावती पुरे.